भाड्याने द्यायला पुण्यात पहिला फ्लॅट घेताना: हिशोबापासून डिपॉझिट परत देईपर्यंत

पुण्यात एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा असं डोक्यात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कुठे घेऊ, वाकड की खराडी. माझं मत विचाराल तर तो प्रश्न नंतरचा आहे. आधी वर्षाला हातात खरोखर किती उरणार ते काढा, मग त्या घरात राहायला कोण येणार ते ठरवा, आणि मग एरिया. उलट्या क्रमाने गेलं की माणूस सॅम्पल फ्लॅट बघून प्रेमात पडतो आणि हिशोब त्या प्रेमाला बसेल असा करतो. खाली मी जे लिहितोय ते सगळं पुण्याचं धरून लिहितोय, कारण मला तेच माहितीये, पण करारनाम्याचा कायदा सगळ्या महाराष्ट्राला सारखाच आहे त्यामुळे नाशिक, ठाण्यावाल्यांनाही कामाला येईल.

१. आधी वही काढा

ब्रोकर काय सांगतो, साठ लाखांचा टू बीएचके, भाडं बावीस हजार, म्हणजे वर्षाचे २,६४,००० आले, साडेचार टक्के रिटर्न झाला की. आता हाच फ्लॅट उदाहरण म्हणून आपण नीट मांडू. रिसेलचा, तयार, ६० लाखांचा. पुणे महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४,२०,०००. रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० त्यामुळे ३०,०००. ब्रोकरेज १ टक्का धरा, ६०,०००. आणि रिकाम्या फ्लॅटला कुणी बावीस हजार देत नाही, म्हणजे वॉर्डरोब, किचन ट्रॉली, गीझर, पंखे, रंग, यात तीन लाख आरामात जातात. एकूण झाले ६८ लाख १० हजार. हा खरा आकडा, साठ नाही. भागाकार याच्यावर करायचा.

आता येणारे पैसे. वर्षात एखादा महिना फ्लॅट रिकामा राहतो असं धरूनच चला, म्हणजे ११ महिन्यांचे २,४२,०००. त्यातून मेंटेनन्स महिना तीन हजार म्हणजे ३६,००० (पुण्यात भाडं बऱ्याचदा मेंटेनन्स धरून सांगतात, म्हणजे तो मालकाच्याच खिशातून जातो), नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) २,४००, मालमत्ता कर १५,०००, नवीन भाडेकरू आणायचं ब्रोकरेज दोन वर्षांतून एकदा धरलं तरी वर्षाला ११,०००, आणि नळ, गळती, गीझरची कॉइल असल्या गोष्टींना १०,०००. एकूण ७४,४००. उरले १,६७,६००. याला ६८ लाख १० हजारांनी भागा, अडीच टक्केसुद्धा येत नाहीत.

हे वाचून कुणी नाद सोडला तर मला वाईट वाटणार नाही, कारण बँकेची साधी एफडी याच्यापेक्षा जास्त देते. मग लोक का घेतात? तर भाडं दरवर्षी थोडं वाढतं, जागेची किंमत वाढेल अशी अपेक्षा असते आणि हप्ता असला की सक्तीची बचत होते. यातली किंमतवाढ कुणाच्याच हातात नाहीये. तुमच्या हातात काय आहे, तर घेताना किती घासाघीस करता आणि घर किती कमी दिवस रिकामं ठेवता. साठचा फ्लॅट छप्पनला मिळवला तर तो फरक पुढची वीस वर्षं तुमच्या बाजूने काम करतो, त्यामुळे सहा महिने फिरावं लागलं तरी फिरा.

एक जागा आहे जिथे लगेच पैसे वाचतात. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, २०२१ पासून, म्हणजे या उदाहरणात सरळ ६०,००० वाचले. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतला तर ही सूट मिळत नाही. आणि ड्युटी व्यवहाराची किंमत किंवा रेडी रेकनरची किंमत (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने येणारी) यातल्या जास्त रकमेवर लागते हे लक्षात ठेवा, घासाघीस करून फार खाली आलात तरी ड्युटी तेवढी खाली येईलच असं नाही.

२. कर्ज काढणार असाल तर

३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन त्यात धरत नाही. म्हणजे वरच्या फ्लॅटला ४८ लाख कर्ज, तुमचे स्वतःचे २० लाख १० हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता होतो ४१,६५० च्या आसपास. भाडं येणार बावीस हजार. "भाड्यात हप्ता निघून जाईल" असं जे सर्रास म्हटलं जातं ना, ते पुण्यात एवढं कर्ज काढून होत नाही, मुंबईत तर विसराच. दर महिन्याला वीस हजार पगारातून घालायची तयारी पाहिजे, वर मेंटेनन्स. माझा आग्रह असा की सहा महिन्यांचे हप्ते बाजूला एफडीत पडलेले असल्याशिवाय टोकन देऊ नका, कारण नोकरीवर गदा येते तेव्हा नेमका आयटीवाला भाडेकरूही त्याच कारणाने फ्लॅट सोडून गावी गेलेला असतो, दोन्ही एकदम बंद होतं.

३. घर भाडेकरूसाठी घ्या

तुम्हाला स्वतःला टेकडी दिसणारी बाल्कनी आवडत असेल, भाडेकरूला ऑफिसची बस कुठे थांबते ते बघायचं असतं. पुण्यात साधारण तीन प्रकारचे भाडेकरू असतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर या बाजूला आयटीतली माणसं, जोडपी किंवा तिघं-चौघं मिळून राहणारे. विमाननगर, कोथरूड, कर्वेनगरला शिकणारी मुलं-मुली. आणि जुन्या वस्तीत कुटुंबं, ज्यांच्या मुलांची शाळा जवळ असते, ही मंडळी एकदा आली की पाच पाच वर्षं हलत नाहीत.

नवख्या माणसाने माझ्या मते तयार, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी असलेला वन बीएचके नाहीतर छोटा टू बीएचके घ्यावा, कुठल्यातरी एका मोठ्या कामाच्या ठिकाणापासून वीस मिनिटांच्या आत, मेट्रो स्टेशन चालत अंतरावर असेल तर फारच छान. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या दोन्ही मार्गांवर आज मेट्रो धावतीये, त्यामुळे तिथे "होणार आहे" यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मोठा थ्री बीएचके घेतला तर किंमत दीडपट होते, भाडं त्या प्रमाणात वाढत नाही आणि रिकामाही जास्त दिवस राहतो.

अंडर कन्स्ट्रक्शन स्वस्त दिसतो. पण त्यावर जीएसटी ५ टक्के (अफोर्डेबलमध्ये बसत असेल तर १ टक्का), ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, आणि तुम्ही राहता ते घरही भाड्याचं असेल तर दोन्हीकडून मार. घ्यायचाच असेल तर महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताब्याची जी तारीख बिल्डरने तिथे नोंदवलीये ती बघा, सेल्स ऑफिसमधला मुलगा सांगतो ती नको. ओसी मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही.

आणि पेठांमधल्या जुन्या वाड्यातली, आत जुना भाडेकरू बसलेली जागा स्वस्तात मिळतीये म्हणून घेऊ नका. तिथली भाडी जुन्या कायद्याने बांधलेली असतात आणि भाडेकरूला संरक्षण असतं. नवख्याचं ते काम नाही.

४. फ्लॅट बघायला जाल तेव्हा

पावसाळ्यात जा. जुलै-ऑगस्टमध्ये बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला हात लावून बघा, वॉर्डरोब असेल तर दार उघडून मागचा प्लाय बघा, ओल असली की पोपडे आणि तो कुबट वास तिथेच सापडतो. नुकताच एकाच भिंतीला रंग मारलेला असेल तर का मारला ते विचारा. वरच्या मजल्याची गळती ही असली कटकट आहे की तीन फ्लॅटवाले आणि सोसायटी एकमेकांकडे बोट दाखवत बसतात आणि तुमचा भाडेकरू दरम्यान निघून जातो.

मग वॉचमनला विचारा, उन्हाळ्यात टँकर किती येतात. बाणेर, वाघोली, वाकडकडच्या बऱ्याच सोसायट्यांत हा मोठा खर्च आहे आणि तो मेंटेनन्समध्ये येतो. सोसायटीच्या ऑफिसात मागच्या वर्षाचा हिशोब बघायला मागा. लिफ्ट, पार्किंग, पाणी, याच क्रमाने भाडेकरूच्या तक्रारी येतात, त्यामुळे तुमचं पार्किंग अॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय का तेही बघा, नुसतं "इथेच लावतात सगळे" नको.

कागद वकिलाकडून तपासून घ्या, यात काटकसर नको. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेचे आधीचे व्यवहार आणि बोजा तपासलेला), आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीचा सरकारी उतारा), ओसी, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचं), सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, विकणाऱ्याचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा आयकर) कापून तुम्हीच भरायचा असतो, विसरलात तर व्याज आणि दंड तुम्हाला. सोसायटी ट्रान्स्फर फी म्हणून महापालिका हद्दीत २५,००० च्या वर मागू शकत नाही. "डोनेशन" म्हणून जास्त मागितले तर नम्रपणे नियम दाखवा. खरेदी झाली की महावितरणचं बिल आणि मालमत्ता कराचं बिल दोन्हीवर आपलं नाव लावून घ्या, लोक हे वर्षानुवर्षं करत नाहीत. आणि पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिला की ती नाही, हिशोबात तेवढा कर जास्त धरा.

५. करारनामा, आणि इथे जरा सावकाश वाचा

सगळ्यात मोठा गैरसमज हा की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी केलं की झालं. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची फक्त परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, एक महिन्याचा असो की साठ महिन्यांचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण मला विचाराल तर त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. उद्या वाद झाला तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही वेगळं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तो म्हणाला भाडं बाराच हजार ठरलं होतं, तर शोधा पुरावे.

उलट करार नोंदवलेला असेल तर कलम २४ तुमच्या पाठीशी आहे. मुदत संपली आणि माणूस घर सोडत नसेल तर नेहमीच्या दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, आणि जितके दिवस तो बसेल तितके दिवस ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. "भाडेकरू घर बळकावतो" ही जी भीती आपल्याकडे घराघरात आहे ती जुन्या काळच्या भाडेपट्ट्यांतून आलीये, नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सला ती लागू होत नाही.

आणि खर्च किती? स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कम मिळवतात. बावीस हजार भाडं, अकरा महिने, साठ हजार डिपॉझिट, याला ड्युटी सव्वासहाशेच्या आत येते. रजिस्ट्रेशन शहरात १,०००. एजंटचे वेगळे पैसे जातात, तो मशीन घेऊन घरी येतो, आधारवर अंगठा, फोटो, झालं. साठ लाखांच्या जागेचं संरक्षण याच्यावर आहे आणि लोक तिथे नोटरीचे पाचशे वाचवायला बघतात, याचा मला खरंच राग येतो.

करारात काय लिहायचं ते एजंटच्या छापील नमुन्यावर सोडू नका. मुदत मी तरी २४ किंवा ३६ महिने लिहा म्हणेन, दरवर्षी ५ टक्के वाढ त्यातच लिहून टाकायची, म्हणजे दर अकरा महिन्यांनी एजंट, ब्रोकरेज आणि "पुढच्या वर्षी किती वाढवणार" ही बोलणी टळतात. लॉक-इन (तेवढ्या काळात कुणी करार मोडायचा नाही) सहा महिने आणि नोटीस एक महिना, दोन्ही बाजूंनी. मेंटेनन्स कोण भरणार. रंगाचे पैसे कापणार का, आणि कापणार तर किती, रुपयांत लिहा. जाताना होणारी बहुतेक भांडणं रंगावरून होतात. तिघं-चौघं मिळून राहणार असतील तर सगळ्यांची नावं करारात पाहिजेत, एकाचंच नाव आणि राहतात चौघं असं नको.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं टाळू नका, पुण्यात ते ऑनलाइन होतं. सोसायटीला आधी कळवायचं असतं, करार आणि पोलिसांकडची पावती जोडून, पण घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागते असं नाही. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, मेंटेनन्सच्या अख्ख्या बिलाच्या नाही, फक्त सेवाशुल्काच्या (वॉचमन, सफाई, कॉमन वीज असल्या खर्चाच्या). जास्त लावले असतील तर लेखी हरकत घ्या.

आणि माणूस निवडताना पगाराची स्लिप बघा, ऑफिसचं पत्र बघा, आधीच्या मालकाला फोन करा. जात, धर्म, ताटात काय वाढतो हे बघून नाही म्हणू नका. ते चूक तर आहेच, शिवाय तुम्ही स्वतःच चांगल्या भाडेकरूंची यादी अर्धी करून घेता आणि घर दोन महिने रिकामं ठेवता. "बॅचलर नको" म्हणणाऱ्या कमिटीला विचारा की हे सोसायटीच्या कुठल्या उपविधीत म्हणजे नियमात लिहिलंय.

६. चावी देताना आणि घेताना

किल्ली द्यायच्या दिवशी भाडेकरूसोबत घरात एक फेरी मारा आणि मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. प्रत्येक नळ चालू करून, गीझर लावून, ट्रॉल्या ओढून, खिडक्यांच्या जाळ्या सरकवून, भिंतींवर आधीच असलेले डाग जवळून दाखवून. शेवटी महावितरणच्या मीटरपाशी जा आणि रीडिंगचा फोटो घ्या, गॅसची पाइपलाइन असेल तर त्याही मीटरचा. मग तोच व्हिडिओ आणि सामानाची यादी लगेच भाडेकरूच्या व्हॉट्सअॅपवर टाका आणि त्याच्याकडून "बरोबर आहे" एवढं लिहून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. वीजजोड तुमच्या नावावर असतो, त्यामुळे थकलेलं बिल शेवटी तुमच्याच दारात येतं.

मधल्या काळात गीझर बंद पडला असा मेसेज आला तर त्याच दिवशी माणूस पाठवा. डिसेंबरात तीन दिवस गार पाण्याने आंघोळ केलेला भाडेकरू पुढच्या वर्षी राहत नाही आणि हजार रुपयांच्या कॉइलपायी एका महिन्याचं भाडं जातं. घरी न सांगता जाऊ नका, घर तुमचं असलं तरी संसार त्यांचा आहे.

सोडून जाताना तोच व्हिडिओ काढून परत फेरी मारायची, जे खरंच मोडलंय त्याचंच बिल दाखवून कापायचं आणि बाकी डिपॉझिट त्याच दिवशी ट्रान्स्फर करायचं. त्याला नव्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं, तुमच्याकडे महिनाभर अडकलेले पैसे त्याला फार लागतात. असा व्यवस्थित गेलेला माणूस ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर देऊन जातो आणि ब्रोकरेज वाचतं.

७. टॅक्सचं थोडं

भाडं बँकेतच घ्या आणि रिटर्नमध्ये दाखवा. आलेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा, उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजा, मग कर्जाचं व्याज वजा. वरच्या उदाहरणात २,४२,००० मधून १५,००० गेले, २,२७,००० उरले, त्याचे ३० टक्के म्हणजे ६८,१०० गेले, राहिले १,५८,९००. मेंटेनन्स, दुरुस्ती वेगळी दाखवता येत नाही, ती त्या ३० टक्क्यांत आली. पहिल्या वर्षीचं व्याज चार लाखांच्या आसपास असतं म्हणजे तोटा दिसतो. जुन्या टॅक्स पद्धतीत हा तोटा पगारासमोर २ लाखांपर्यंत लावता येतो, नव्या पद्धतीत पगारासमोर अजिबात नाही. "टॅक्स वाचेल" म्हणून घेणाऱ्यांनी आपण कुठल्या पद्धतीत आहोत हे आधी बघावं.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. मालक एनआरआय असेल तर भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, भाडं कितीही कमी असलं तरी, आणि दर ३० टक्के अधिक सेस. बऱ्याच भाडेकरूंना हे माहीतच नसतं म्हणून आधीच सांगा, करारात लिहा, भाडं एनआरओ खात्यात (एनआरआयच्या भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्या आणि पुण्यात आई-बाबा किंवा भावाच्या नावाने पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवा.

विकायची वेळ आली तर दोन वर्षांनंतर विकलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईचा इंडेक्स न लावता, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता (२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर इथे राहणाऱ्याला २० टक्के आणि इंडेक्स असा पर्याय आहे). नफा काढताना स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, घेताना दिलेलं ब्रोकरेज आणि घरात कायमस्वरूपी केलेल्या कामाचा खर्च किमतीत मिळवता येतो, पण बिल असेल तरच. त्यामुळे किचनवाल्याला कॅशमध्ये देऊन दोन पैसे कमी करून घ्यायच्या ऐवजी पक्कं बिल घ्या, आणि ते इंडेक्स टूच्या फाइलमध्येच लावून ठेवा.